बारा कुत्र्यांचं कीटण

माझी मावशी पशुवैद्यकीय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं घोटकाम करत होती. घोटकाम हा तिचाच शब्द. गाईच्या पोटात सापडलेला खडा, मांजराचा मूतखडा, कोंबडीचं ठिसूळ हाड, काहीही आलं की ते अकिकाच्या खलात मैद्यासारखं होईपर्यंत घोटायचं आणि मग यंत्रात ठेवून त्यात कोणती खनिजं आहेत ते बघायचं. शेवटची तीन वर्षं तिच्या वाट्याला कुत्र्यांच्या दातांवरचं कीटण आलं. रुग्णालयात तिला सगळे खलबाई म्हणत. माझे काका, म्हणजे तिचा नवरा, यावर म्हणायचे, "खल म्हणजे दुष्ट. शब्दकोश काढून बघा." ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांभोवती पेन्सिलीने गोल काढण्यात गेली, त्यामुळे घरात कोणी काही बोललं की आधी ते शब्दाची मानगूट धरायचे.

मला त्यांच्या शहरात नोकरी लागली आणि मी त्यांच्याकडे राहायला गेले, तोवर काकांचं ते बोलणं संपलं होतं. वर्षभरापूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी, जीभ जड. दोन शब्द जुळवायला त्यांना इतका वेळ लागायचा की समोरचा माणूस वाट बघून दुसऱ्या कामाला लागायचा. मावशी मात्र थांबायची. थांबणं तिला जमत होतं, पण त्यातही तिची ताकद जायची, हे मला हळूहळू कळलं.

सकाळी पाचला ती उठायची. काकांना उठवून बसवायचं, पुसायचं, कपडे बदलायचे. मग दात. काकांना स्वतःला घासता येत नव्हते आणि दुसऱ्याने घासलेले खपत नव्हते. ते तोंड घट्ट मिटून बसायचे. मावशी एका हाताने हनुवटी धरायची आणि म्हणायची, "उघडा. माझी कुत्रीसुद्धा याहून बरी वागतात."

"भूल देऊन," काका म्हणायचे. हे दोन शब्द त्यांना पटकन यायचे, कारण रोजचे होते.

त्यानंतर स्वयंपाक, माझा डबा, दुपारी काकांजवळ बसणाऱ्या शेजारीणबाईंसाठी औषधांची चिठ्ठी, आणि मग दोन बस बदलून रुग्णालय. संध्याकाळी घरी आली की ती चपला न काढता दहा मिनिटं दाराजवळच्या खुर्चीत बसायची. त्या दहा मिनिटांत तिच्याशी बोलायचं नाही, हा घरातला नियम कोणी न सांगता ठरला होता.

एकदा मी तिला विचारलं की कीटणात बघण्यासारखं असतं तरी काय. तिने ते मला भाजी निवडता निवडता सांगितलं. दातावर चिकट थर बसतो, लाळेतली खनिजं त्यात जमत जातात आणि थराचा दगड होतो. माणसाच्या तोंडात तो दगड बहुतेक फॉस्फेटचा, हाडं ज्याची बनतात त्याच जातीचा. कुत्र्याची लाळ जास्त अल्कधर्मी असते, म्हणून त्याच्या कीटणात फॉस्फेटबरोबर चुनखडीही सापडते. चुनखडी ओळखायची सोपी रीत म्हणजे आम्लाचा एक थेंब. थेंब पडला की ती फसफसते. "यंत्र चाळीस मिनिटं घेऊन जे सांगतं ते थेंब एका क्षणात सांगतो," ती म्हणाली. "पण सरांना आलेख लागतो. थेंब छापता येत नाही."

सर म्हणजे तिचे विभागप्रमुख. वयाने तिच्याहून दहा वर्षांनी लहान, हुशार, आणि वाईट माणूस अजिबात नाही. त्यांनी चौऱ्याऐंशी कुत्र्यांच्या कीटणाचा अभ्यास हाती घेतला होता. दात साफ करायला आलेल्या कुत्र्याला भूल दिली की मागच्या मोठ्या दाढांवरचं कीटण खरवडून काचेच्या छोट्या कुपीत भरायचं, कुपीवर कागदाची पट्टी, पट्टीवर क्रमांक. तुलनेसाठी समोरच्या दंतवैद्यक महाविद्यालयाकडून बारा माणसांचं कीटणही मागवलं होतं. तिकडे रिकाम्या कुप्या मावशीनेच पाठवल्या होत्या, आपल्याच खोक्यातल्या.

चूक झाली ती एका मंगळवारी. मावशी त्या दिवशी दोन गठ्ठे धूत होती, एकसष्ट ते बहात्तर क्रमांकाची कुत्री आणि ती बारा माणसं. धुताना कागदाच्या पट्ट्या निघून जातात, म्हणून प्रत्येक गठ्ठा आपल्या तबकात क्रमाने मांडायचा आणि भट्टीत वाळवायचा, ही तिची पद्धत. कुत्री नेहमी वरच्या फळीवर. त्या दिवशी माणसांचं आधी धुऊन झालं म्हणून ते तबक वर गेलं. तशी चिठ्ठी ती भट्टीच्या दाराला लावणार तेवढ्यात फोन आला. काका न्हाणीघरात पडले होते. शेजारीणबाई रडत होत्या.

ती तशीच निघाली. काकांच्या कपाळाला सात टाके पडले, खांदा निखळला होता. तिने आणि मी ती रात्र दवाखान्याच्या बाकावर काढली. सकाळी मी म्हटलं, "मावशी, आज जाऊ नकोस." ती म्हणाली, "यंत्र आजच मिळालंय. पुढचा नंबर महिन्याने लागेल." बारा वाजता ती प्रयोगशाळेत पोचली, भट्टी उघडली, वरचं तबक काढलं आणि घोटायला बसली.

तिला एक गोष्ट आठवत होती, ती मला तिने नंतर सांगितली. सातव्या नमुन्याला खलात एक कण घोटलाच जाईना. दाबला तर अकिकावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली. एरवी तिने तो कण भिंगाखाली धरला असता. त्या दिवशी तिने बोटाने रेघ पुसली आणि पुढे गेली. आम्लाचा थेंबही टाकला नाही. डोळे मिटत होते, यंत्राची वेळ जात होती.

आठवड्याने सर तिच्या टेबलाशी आले आणि चक्क खुर्ची ओढून बसले. "बाई, एकसष्ट ते बहात्तर बघितलीत? चुनखडी औषधालासुद्धा नाही. निव्वळ फॉस्फेट."

"काही कुत्र्यांत कमी असते, सर."

"कमी वेगळं. इथे शून्य आहे. आणि सलग बारा."

सरांनी त्या बारा कुत्र्यांच्या मालकांना फोन लावले. बारातल्या नऊ घरांत कुत्र्याला घरचं शिजवलेलं अन्न मिळत होतं. इथून सरांच्या डोक्यात एक सिद्धांत उभा राहिला आणि भराभर वाढला. घरचं अन्न खाल्लं की लाळ बदलते, लाळ बदलली की चुनखडी जमत नाही. एका परिषदेत त्यांनी तो मांडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोधनिबंध एका नियतकालिकाकडे गेला. माणसांशी तुलना करायची गरज आता कोणाला उरली नव्हती, म्हणून ते दुसरं तबक "माणसं, नंतर" अशी पट्टी लागून मावशीच्या कपाटात गेलं. रुग्णालयाच्या खिडकीवर एक पत्रक ठेवलं गेलं: आपल्या कुत्र्याच्या दातांसाठी घरी शिजवलेलं, मीठ नसलेलं अन्न द्या. मावशीही हातात गठ्ठा घेऊन ती पत्रकं वाटत असे.

असे आठ महिने गेले. मावशीच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. जाण्याआधी कपाट रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून ती रोज एक खण आवरत होती. एका दुपारी "माणसं, नंतर" हे तबक हाती आलं. टाकून द्यायचं होतं. पण एकतीस वर्षांची सवय. तिने एक तुकडा चिमट्याने उचलला, त्यावर आम्लाचा थेंब सोडला आणि तुकडा फसफसला.

तिने दुसरा घेतला. तोही. बाराच्या बारा फसफसले.

"मला आधी वाटलं, आम्लाची बाटली बदलली असेल," ती मला म्हणाली. "आपल्याला दुसऱ्या कशाचाही संशय आधी येतो."

मग तिने एकसष्ट ते बहात्तरची पाकिटं काढली. घोटून उरलेले तुकडे ती पाकिटात जपून ठेवायची. त्यांवर थेंब टाकला. एकही फसफसला नाही. सदुसष्ट क्रमांकाच्या पाकिटात, भिंगाखाली, एका तुकड्याच्या कडेला चांदीसारखा कण चिकटलेला होता. कुणाच्या तरी किडलेल्या दाढेत भरलेल्या चांदीचा टवका. मावशीच्या रुग्णालयात कुत्र्यांच्या दाढा चांदीने भरत नाहीत.

 भट्टीचं दार, चिठ्ठी न लावलेलं, तिला डोळ्यांसमोर दिसलं. तिने सगळं होतं तसं पाकिटांत भरलं, कपाटाला कुलूप लावलं आणि घरी आली. त्या संध्याकाळी ती खुर्चीत अर्धा तास बसली.

त्यानंतर अकरा दिवस तिने तोंडातून ब्र काढला नाही. मला वाटलं, नेहमीचा थकवा असेल. जेवण अर्धं टाकायची, काकांचे दात घासताना थट्टा करेनाशी झाली. चार महिने राहिलेत, कपाट रिकामं होईल, तबक कचऱ्यात जाईल, आणि जगात कोणालाही काही कळणार नाही. तिला वाईट वागायचं नव्हतं. तिच्या अंगात आता आणखी एक गोष्ट करायची ताकद नव्हती, एवढंच. असं तिचंच म्हणणं.

बाराव्या दिवशी तिने ते काकांना सांगितलं. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि दार उघडं होतं. तिने सगळं सांगितलं, भट्टी, फळी, करडी रेघ. काका ऐकत होते. मग त्यांचा शब्द निघायला सुरुवात झाली. मावशी थांबली.

"किती... पानं?" काकांनी विचारलं.

छापखान्यात चूक उशिरा सापडली की पहिला प्रश्न हाच असायचा. किती पानं छापून गेली?

"बारा कुत्री," मावशी म्हणाली. "आणि एक निबंध. आणि ती पत्रकं."

 काका म्हणाले, "वाटली?"

"हो. वाटली. मीसुद्धा वाटली."

 काकांनी डावा हात तिच्याकडे केला, तिने तो धरला नाही, कारण तिला उठून दूध बघायचं होतं. दूध उतू गेलं होतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहातून आत जात होती, तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला थांबवलं. ते निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांची करड्या तोंडाची म्हातारी कुत्री पायाशी झोपली होती. त्यांच्या हातात तेच पत्रक होतं, चार घड्या पडून मऊ झालेलं.

"बाई, तुम्हीच दिलं होतं ना हे? एक विचारू का. गाजर किसलंच पाहिजे का? तुकडे केले तर नाही चालणार?"

मावशीने त्यांच्या बोटांकडे बघितलं. संधिवाताने वाकडी झालेली, सांधे फुगलेले, अंगठ्याला किसणीने सोललेली जागा.

"किती दिवस करताय?"

"पाच महिने. दोन वेळा. बायको असताना मी साधा चहासुद्धा केला नव्हता." ते ओशाळून हसले. "आता भोपळा, गाजर, कोंबडी, सगळं येतं. पण सकाळी बोटं वळत नाहीत हो. नाकी नऊ येतात. हिच्या दातांसाठी लागतंच, म्हणून करतो."

मावशी म्हणाली, "तुकडे चालतील." एवढंच म्हणाली आणि आत गेली. पण तिच्या खोलीकडे न वळता ती सरळ सरांच्या खोलीत गेली. आत पाकिटं नेली नव्हती, बोलायचं काय ते ठरवलं नव्हतं. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "सर, एकसष्ट ते बहात्तर ही कुत्री नाहीत. माणसं आहेत. माझ्याकडून तबकं बदलली."

सर आधी हसले. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला.

"कधी?"

"त्या मंगळवारी. बुधवारी, म्हणजे."

"आणि हे तुम्हाला आज कळलं?"

"नाही. तेरा दिवस झाले. कपाटातल्या दुसऱ्या तबकावर आम्लाचा थेंब टाकला, बाराही फसफसले."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मावशी म्हणायची. ते हळू आवाजात बोलले. "माणसाच्या कीटणातही कधी थोडी चुनखडी असू शकते. कुत्र्यात कधी नसतेही. तुम्ही थेंब टाकून बघितला, आलेख कुठे आहे?"

"आलेख काढते. त्या दुसऱ्या तबकातले बाराही घोटते. सदुसष्टमध्ये चांदी आहे, ती भिंगाखाली दाखवते."

चांदीचं ऐकल्यावर सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. म्हणाले, "जा. काढा."

कामाला सहा दिवस लागले. सरांनी त्यासाठी यंत्राचा दुसऱ्यांचा नंबर मागून घेतला, हे तिने मुद्दाम सांगितलं. ती रोज दोन नमुने घोटायची, एकेक वीस मिनिटं, मनगटावर पट्टा बांधून. थेंब टाकायची, वहीत लिहायची, यंत्रात ठेवायची. चुनखडीचा सुळका आलेखावर एकोणतीस अंशांच्या थोडं पुढे उठतो, आणि तो बाराही वेळा तिथेच उठला. सहाव्या दिवशी सर तिच्या मागे उभे राहून शेवटचा आलेख कागदावर उमटताना बघत होते. उमटून झाल्यावर म्हणाले, "ठीक आहे." आणि गेले.

निबंध त्यांनी परत मागवला. परिषदेच्या आयोजकांना पत्र लिहिलं. त्या पत्रात त्यांनी चूक प्रयोगशाळेची म्हटली, मावशीचं नाव घातलं नाही. पण कार्यालयातून तिला ज्ञापन आलं आणि ते तिच्या सेवापुस्तकात लागलं, एकतीस वर्षांतलं पहिलं. पत्रकं खिडकीवरून गेली. औषधवाटप करणारा कारकून तिला म्हणाला, "बाई, तुमची बारा कुत्री माणसं निघाली म्हणे." ती म्हणाली, "हो. आणि इथे उलटंही बघितलंय." त्यानंतर तो थट्टेला आला नाही.

सर कामापुरतं बोलायचे. पूर्वी जाता-येता काकांची चौकशी करायचे, ती थांबली. मावशीला ज्ञापनापेक्षा ते लागलं.

पोस्टमास्तरांचा पत्ता तिने रुग्णालयाच्या वहीतून घेतला आणि एका रविवारी मला बरोबर घेऊन गेली. ते दुसऱ्या मजल्यावर राहत. स्वयंपाकघरात ओट्यावर गाजराचे तुकडे मांडलेले होते, एकसारखे, पोस्टाच्या तिकिटांसारखे चौकोनी. मावशीने त्यांना उभ्याउभ्याच सांगितलं. चूक माझी होती, दातांवरच्या त्या दगडात अन्नाने काही फरक पडतो असं आम्हाला दिसलेलं नाही, तुम्ही पूर्वीचे दुकानातल्या तयार खाद्याचे गोळे देऊ शकता, दात मात्र ब्रशने घासा.

पोस्टमास्तर खुर्चीत बसले. रागावतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे उद्यापासून करायला नको?"

"नको."

त्यांनी कुत्रीकडे पाहिलं. "ही आता गोळ्यांना तोंड लावत नाही हो. मागे एकदा मला ताप होता तेव्हा घालून बघितले. दोन दिवस उपाशी राहिली." मग मावशीकडे बघून म्हणाले, "तुम्ही बसा ना. तुम्ही फार दमलेल्या दिसताय."

मावशी बसली. त्यांनी चहा केला, बराच वेळ लावून केला, आणि कोणीही मदतीला उठू नये असं म्हणाले. तो चहा पांचट होता. मावशीने दोन कप घेतले. उरलेली गाजरं तिने चिरून दिली.

निवृत्तीच्या दिवशी रुग्णालयात तिला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि तीन लोक बोलले. सर त्या दिवशी बाहेरगावी होते, किंवा तसं सांगण्यात आलं. ती घरी आली, चपला काढल्या आणि आडवी झाली. पुढचे दोन महिने ती बहुतेक झोपलीच. दुपारी झोपायची, संध्याकाळी काकांशेजारी बसल्या बसल्या झोपायची. मला काळजी वाटून मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, झोपू द्या.

निबंध पुढच्या वर्षी छापून आला, लहान होऊन. चौऱ्याऐंशी कुत्री, सगळ्यांच्या कीटणात फॉस्फेट आणि चुनखडी दोन्ही, कमी-जास्त प्रमाणात. जे आधीपासून माहीत होतं तेच. टाळ्या वाजवण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याची प्रत सरांनी टपालाने पाठवली, सोबत चिठ्ठी नव्हती. शेवटच्या पानावर आभारात तिचं नाव होतं. काकांनी डाव्या हाताने पेन्सिल मागून घेतली आणि सगळी नऊ पानं वाचायला पाच दिवस घेतले. तीन चुका सापडल्या, तिन्ही छपाईच्या.

त्यानंतर एकदा सरांचा फोन आला. मीच उचलला होता. मावशीच्या जागी नवीन आलेल्या मुलीला घोटकाम जमत नव्हतं, भुकटी जाडी राहत होती, आलेख नीट येत नव्हते. बाई एक-दोन दिवस येऊन दाखवतील का? आणि काकांची तब्येत कशी आहे, असंही त्यांनी विचारलं.

मी फोन मावशीच्या हातात दिला. ती ऐकत राहिली. "ते बरे आहेत," ती म्हणाली. "बसून जेवतात आता."  मला वाटलं, ती हो म्हणेल, कारण आजवर तिने कधी कोणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"पुढच्या महिन्यात बघू, सर," ती म्हणाली. "आत्ता मी थोडी पडणार आहे."

तिने फोन ठेवला, उशी सरळ केली आणि भिंतीकडे कूस वळवली. काका पलीकडच्या पलंगावरून तिच्याकडे बघत होते. त्यांनी मला डाव्या हाताने खूण केली. मी उठून पडदा ओढला.